यमुनेची गोष्ट कोणी लिहिली?



ख्रिस्ती लोकांचं काम म्हटलं की आपल्या भागात पहिलं नाव निघतं ते मिरजेच्या वॉन्लेस दवाखान्याचं. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तो उभा केला. कोणाची पणजी तिथं बरी झाली, कोणाच्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथं झालं, हे आपण घरोघरी ऐकतो. पण हा दवाखाना उभा राहण्याच्या सदतीस वर्षं आधी याच धर्माच्या एका मराठी माणसानं आपल्या भाषेला एक वेगळी वस्तू दिली होती. ती म्हणजे कादंबरी. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जी ओळखली जाते, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली छापली गेली. लिहिणारे बाबा पदमनजी. आणि ती कोणावर लिहिली? राजावर नाही, लढाईवर नाही. ती लिहिली विधवा बायकांवर. तिचं पुरं नावच मुळी ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असं आहे.

आज आपण या कादंबरीबद्दल बोलणार आहोत. तिच्या मागोमाग ज्यांनी श्रद्धेपोटी लेखणी हातात धरली, त्यावरच पोट भरलं, किंवा त्यासाठी पोटाला चिमटा घेतला, त्या माणसांबद्दलही बोलणार आहोत. आमचा हेतू कोणाला कोणता धर्म सांगण्याचा नाही. आपल्या गटांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, जैन आहेत, ख्रिस्ती आहेत. आमचा हेतू एवढाच, की बाईचं दुःख मराठी पुस्तकात आलं कसं, आणि ते लिहायची लेखणी बाईच्या हातात यायला किती वर्षं लागली, हे आपण समजून घ्यावं. त्यासाठी तीन प्रश्न मनात धरून ठेवा. गोष्ट कोण सांगतंय? तिचा खर्च कोण करतंय? आणि गोष्टीचा शेवट कोण ठरवतंय? हिशोबाच्या वहीत आपण जमा, खर्च आणि शिल्लक बघतो ना, तसेच हे तीन रकाने आहेत.

आधी काळ समजून घेऊ. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. घर कासारांचं. म्हणजे बांगड्या-भांड्यांचा व्यवहार करणाऱ्या समाजातलं. याच १८३१ साली आपल्या सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाई फुल्यांचा जन्म झाला. म्हणजे ही दोघं एकाच वयाची. त्यांच्या लहानपणी मराठी छापील पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी होती. बायकांनी वाचावं अशी तर नव्हतीच. बाईनं अक्षर वाचलं तर नवरा मरतो, असं सांगणारे लोक तेव्हा होते.

मिशनऱ्यांनी छापखाने आणले ते आपल्या धर्माच्या प्रसारासाठी, हे खरंच. १८२७ साली मुंबईत ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी निघाली. लहान लहान, स्वस्त पुस्तिका छापायच्या आणि बाजारात, जत्रेत नेऊन विकायच्या किंवा वाटायच्या, असं तिचं काम. १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मिशननं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. पण छापखाना एकदा गावात आला की तो फक्त मालकाचंच बोलत नाही. १८५५ साली याच ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं होतं, आणि आपल्यासारख्यांचा धर्म नेमका कोणता, असा सवाल तिनं केला होता. तिनं ख्रिस्ती धर्म घेतलेला नव्हता. पण तिचा शब्द छापायला जागा मिळाली ती तिथं.

पदमनजी बेळगावच्या आणि नंतर मुंबईच्या मिशन शाळेत शिकले. ख्रिस्ती होण्याआधी, १८५२ साली, त्यांनी बायकांच्या शिक्षणाच्या बाजूनं ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ लिहिला होता. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, तो ध्यानात घ्या. घर तुटायचं, जात तुटायची, पंगत तुटायची. ज्याचं सगळं तुटलं, त्याच्या हातात राहिली लेखणी.

१८५६ साली सरकारनं विधवाविवाहाचा कायदा केला. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर ते कायदेशीर, असं त्यात ठरलं. पण त्याच कायद्यात एक खोच होती. पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क जायचा. आपल्या खेड्यांत, शेतकरी-कष्टकरी जातींत पाट लावायची, म्होतूर करायची पद्धत आधीपासून होतीच. जिथं ती नव्हती, तिथं विशेषतः वरच्या म्हणवणाऱ्या जातींत आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा व्हायच्या आणि जन्मभर तशाच राहायच्या. केशवपन, एक वेळचं जेवण, अंधाऱ्या खोलीतलं जिणं. कायदा आला, पण तो वाचणार कोण, आणि मानणार कोण? कायद्याच्या पुढच्याच वर्षी ‘यमुनापर्यटन’ छापलं गेलं.

गोष्ट साधी आहे. यमुना ही शिकलेली मुलगी. तिचा नवरा विनायक, तोही शिकलेला आणि समजूतदार. दोघांचाही ओढा मनातून ख्रिस्ताकडे आहे. ती दोघं प्रवासाला निघतात. पर्यटन म्हणजे तेच. या प्रवासात यमुनेला ठिकठिकाणी विधवा भेटतात. कोणी तरुण, कोणी म्हातारी. कोणी छळानं पिचलेली, कोणी फसवली गेलेली. त्या आपली कर्मकहाणी सांगतात आणि यमुना ऐकून घेते. पुढं विनायक अकाली मरतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. इतके दिवस जी कान होती, तीच आता कहाणी होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

लेखकानं ही मांडणी का केली असेल, याचा आम्ही विचार केला. विधवांवर निबंध लिहिता आला असता. तसे निबंध पुष्कळ लिहिले गेले, आणि ते पुरुषांनी वाचले. पण बाई आपलं दुःख निबंधात सांगत नाही. ती ते दुसऱ्या बाईला सांगते. जात्यावर, पाणवठ्यावर, माहेरच्या वाटेवर सांगते. पदमनजींनी ते हेरलं. यमुना वाटेनं चालली आहे, तिला एकेक बाई भेटते आणि बोलती होते. जात्यावरच्या ओव्यांतून आपल्या आया-आज्या हेच करत आल्या होत्या. ते पहिल्यांदा छापील पानावर आलं.

त्या काळात दुनियेत आणखी दोन ठिकाणी असंच घडत होतं. बंगालमध्ये हॅना कॅथरीन मलेन्स या मिशनरी बाईनं १८५२ साली ‘फुलमणी आणि करुणा’ यांची गोष्ट बंगालीत लिहिली. ती खास तिथल्या ख्रिस्ती बायकांसाठी होती. त्याच १८५२ साली अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो या बाईची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपानं आली. ती धर्मोपदेशकाची मुलगी, घरात पोरंबाळं. काळ्या गुलामांचे हाल तिनं गोष्टीतून सांगितले. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाखांवर प्रती खपल्या, आणि गुलामगिरीविरुद्ध लोकांचं मन तयार करण्यात त्या पुस्तकाचा मोठा हात होता. म्हणजे भाषणानं जे होत नव्हतं, ते गोष्ट करत होती. अमेरिकेत नि बंगालमध्ये लेखणी बाईच्या हाती होती. आपल्याकडं मात्र यमुना बोलत होती ती एका पुरुषाच्या लेखणीतून.

आता दुसरा प्रश्न, खर्चाचा. श्रद्धेपोटी लिहायचं ठीक आहे, पण चूल कशी पेटायची? पदमनजी काही काळ पुण्यात चर्चचे पाळक होते. पुढं मुंबईत त्यांनी बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटीसाठी लेखन-संपादनाचं काम केलं. म्हणजे लिहिणं हीच त्यांची नोकरी झाली. १९०६ साली ते वारले, तोवर त्यांच्या नावावर शंभरावर लहानमोठी पुस्तकं होती. त्यात शब्दकोश आहेत, निबंध आहेत, ‘अरुणोदय’ नावाचं आत्मचरित्रही आहे. मराठीत लिहून पोट भरणं त्या काळी फार थोड्यांना जमलं. संस्थेचा आधार होता म्हणून त्यांना ते जमलं.

पण ज्याचा पगार, त्याची अपेक्षाही असते. ट्रॅक्ट सोसायटीची पुस्तकं निघायची ती एका कामासाठी. वाचणाऱ्यानं ख्रिस्ताकडं यावं, हे ते काम. म्हणून या गोष्टींतली वाट कशीही वळली तरी मुक्कामाचं गाव एकच असायचं. मुंबईच्या याच सोसायटीनं १८९५ साली ‘सुभेदाराचा पुत्र’ हे पुस्तक काढलं. रेव्हरंड दिनकर शंकर सावरकर यांनी आपले वडील ब्राह्मणाचे ख्रिस्ती कसे झाले, ते त्यात गोष्टीच्या रूपानं सांगितलं आहे. मुलानं बापाची कहाणी प्रेमानं लिहिली, तरी वाचणाऱ्याला शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो.

यमुनेचंही तसंच. ती पुन्हा उभी राहते, याचा आपल्याला आनंद होतो. पण तिला उभं राहण्यासाठी लेखकानं एकच दार उघडं ठेवलं होतं. वाटेत तिला भेटलेल्या बाकीच्या बायकांचं काय? ज्या आपला देव सोडणार नव्हत्या, आपलं गाव सोडणार नव्हत्या, त्यांनी काय करायचं? या प्रश्नाला त्या पुस्तकात जागा नाही. म्हणून पुस्तक टाकून द्यावं असं आम्ही म्हणत नाही. बाबा पदमनजींनी जे केलं ते त्या काळात फार मोठं होतं. विधवेचं दुःख ही कादंबरी लिहिण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांनी मराठीला पहिल्यांदा दाखवलं. आपण फक्त आपला तिसरा रकाना भरतोय. शेवट कोण ठरवतंय?

आता बघा, शेवट बदलणाऱ्या बाया पुढं कशा आल्या.

कृपाबाई सत्यनाधन यांचा जन्म १८६२ सालचा, अहमदनगरचा. आईवडील, हरिपंत आणि राधाबाई खिस्ती, हे ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. कृपाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. मद्रासच्या वैद्यकीय कॉलेजात त्या शिकायलाही गेल्या, पण तब्येतीनं साथ दिली नाही. मग त्यांनी लेखणी धरली. लग्नानंतर मद्रासकडं राहून त्यांनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. ‘सगुणा’ ही बरीचशी त्यांची स्वतःची आणि त्यांच्या आईवडिलांची कहाणी आहे. दुसरी ‘कमला’. १८९४ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्या वारल्या.

‘कमला’ आपल्याला इथं महत्त्वाची वाटते. लिहिणारी ख्रिस्ती, पण कमला हिंदू. सासुरवास सोसलेली मुलगी, पुढं विधवा होते. तिच्यावर खरं प्रेम करणारा माणूस तिला लग्नाचं विचारतो. कमला नाही म्हणते, आणि पुढचं आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेत घालवते. काही जणींना हा शेवट पटणार नाही, लग्न करायला हवं होतं असं वाटेल. वाटू द्या. पण लेखिकेनं आपल्या कमलेला ख्रिस्ती केलं नाही आणि बोहल्यावरही चढवलं नाही. कमला तिच्या स्वभावाप्रमाणं वागली. बाईनं लिहायला घेतल्यावर गोष्टीतली बाई मुक्कामाचं गाव स्वतः ठरवायला लागली.

इथं आपल्या सांगली जिल्ह्यातलं एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. काशीबाई कानिटकर. त्या ख्रिस्ती नव्हत्या. जन्म १८६१ सालचा, आष्ट्याचा. लग्नानंतर वाचायला शिकल्या आणि पुढं कादंबरीकार झाल्या. त्यांची ‘रंगराव’ १९०३ साली पुस्तकरूपानं आली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. म्हणजे वेगवेगळ्या धर्माच्या, वेगवेगळ्या घरच्या बाया साधारण एकाच काळात लेखणीपाशी येत होत्या. श्रद्धा हे एक कारण होतं. पण खरी भूक आपल्याबद्दल आपण बोलण्याची होती.

आता पैशाचं बोलू. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. १८८२ साली त्या विधवा झाल्या, पदरात लहानगी मनोरमा. त्याच साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. तिथं १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. पुढं अमेरिकेत असताना १८८७ साली त्यांनी उच्च जातीच्या हिंदू बायकांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्या पुस्तकाची विक्री आणि गावोगावची व्याख्यानं यांतून विधवांच्या शाळेसाठी मदत उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. बायांनो, आपण भांडवल म्हटलं की शेळी, शिलाई मशीन, पापडाचं यंत्र धरतो. रमाबाईंचं भांडवल त्यांचं पुस्तक होतं.

पुढं दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभं केलं. दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना तिथं आसरा मिळाला. तिथं छापखाना होता, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या बायकांनी शिकून घेतली. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ छापून पूर्ण झाला. म्हणजे तिन्ही रकाने बाईच्याच हाती. सांगणारी तीच, खर्च उभा करणारी तीच, आणि छापणारीही तीच.

आता साताऱ्याकडं येऊ. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला. ते अनेक वर्षं अमेरिकन मिशनच्या कामात होते आणि ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादकही होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि ते साताऱ्याला आले. इथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताच्या वाटेनं चालायचं आहे त्यानं यावं, अशी ती कल्पना. परदेशी पैशावर चालणारा धर्म आपल्या मातीत रुजत नाही, असं त्यांना वाटत होतं. म्हणून पगार नको. १९१९ साली ते वारले.

टिळकांच्या त्यागाचं कौतुक करायलाच हवं. पण आम्ही बचत गटाच्या बाया. आमच्या मनात येतं, की घरच्या कर्त्यानं पगार सोडला तर सांजच्याला चुलीवर काय ठेवायचं, हे कोणी बघायचं? संन्यास घेतलेल्याच्या घरीही पीठ-मीठ लागतंच. ते बघणाऱ्या होत्या लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिककडचा. लहानपणी लग्न झालं, शाळा नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पाच वर्षं त्यांनी विचार केला, सोसलं, आणि मग १९०० साली स्वतःच्या मनानं त्याही ख्रिस्ती झाल्या. नवरा गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य त्यांनी पुढं नेलं. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते, लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक लिहिले. कर्त्याचं राहिलेलं काम बायकोनं ओढलं, असं आपण शेतातही बघतो. पण इथं बायकोचं काम नवऱ्याच्या कामाच्या पाचपट होतं.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईनं आठवणी लिहून काढायला घेतल्या. लिहिता लिहिता ते नवऱ्याचं चरित्र राहिलंच नाही. ती लक्ष्मीबाईंची कहाणी झाली. सोवळंओवळं, भांडणं, प्लेग, पोरंबाळं, विसरभोळा आणि रागीट नवरा, सगळं त्यात आहे, आणि हसत हसत सांगितलेलं आहे. भाषा तर आपण ओसरीवर बसून बोलतो तशी. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग पुस्तकरूपानं आले. १९३६ सालीच त्या वारल्या. ही कादंबरी नाही, खरी हकिकत आहे. पण कोणत्याही कादंबरीहून रंगतदार आहे. त्यात श्रद्धा पानापानांत आहे, तरी तू ख्रिस्ती हो, असं लक्ष्मीबाई कोणालाही सांगत नाहीत. त्या आपलं सांगतात आणि थांबतात. म्हणून सगळ्या जातीधर्मांच्या घरांत ते पुस्तक वाचलं गेलं, आणि अजून वाचलं जातं.

१८५७ ची यमुना आणि १९३४ च्या लक्ष्मीबाई. मध्ये सत्त्याहत्तर वर्षं गेली. बाईनं बाईला सांगितलेली गोष्ट पुरुषाच्या लेखणीतून सुरू झाली, आणि ती बाईच्या स्वतःच्या लेखणीत यायला एवढा काळ गेला.

मग आज काय? सांगलीला लागूनच शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ‘यमुनापर्यटन’ छापल्यानंतर एकशे पासष्ट वर्षांनी हा ठराव करावा लागला, हे विसरू नका. आणि ठराव झाला म्हणजे रीत सुटली असंही नाही. आपल्याच गटांत बघा. बँकेच्या खात्यावर सही करायला विधवा मैत्रीण चालते, कर्ज वेळेवर फेडण्यात ती सगळ्यांत पुढं असते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, याची कुजबुज अजून होते.

यमुनेनं वाटेत थांबून त्या बायकांचं ऐकलं होतं. आपल्याला तर वाटेला लागायचीही गरज नाही. त्या आपल्या शेजारीच बसलेल्या असतात, गटाच्या बैठकीत, सतरंजीवर. म्हणून आम्ही आमच्या गटांत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हालाही जमल्या तर बघा.

पहिली, महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर पंधरा मिनिटं वाचन. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’नं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अक्षर येत नसलं तरी कान सगळ्यांना आहेत. तालुक्याच्या वाचनालयात मागितलं तर हे पुस्तक मिळतं.

दुसरी, एक वेगळी दोनशेपानी वही. गटातल्या ज्या बाईला आपली हकिकत सांगायची असेल तिनं सांगायची, लिहिता येणाऱ्या मुलीनं ती त्या बाईच्याच शब्दांत उतरवायची. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं. ती हो म्हणाली तरच वहीत ठेवायचं. नाव घालायचं की नाही, हे तिनंच सांगायचं. कोणती गोष्ट बाहेर वाचायची नाही, हेही तिनंच सांगायचं. आणि शेवट कोणी गोड करायचा नाही, कोणी कडू करायचा नाही. जिथं ती थांबेल तिथं वही थांबवायची.

तिसरी, येत्या संक्रांतीला गटाचा कार्यक्रम असेल तर वाण सगळ्यांना. कुंकू लावायचं का, हे ज्या-त्या बाईनं ठरवावं. पण आमंत्रण प्रत्येकीच्या दारात जायलाच हवं, आणि या गोष्टीचा ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्यायचे.

बाबा पदमनजींनी श्रद्धेनं लिहिलं, म्हणून यमुना आपल्यापर्यंत आली. त्यांचा देव आपला असो वा नसो, त्या लेखणीचं ऋण मानायला काही हरकत नाही. पुढची गोष्ट मात्र ज्या बाईची आहे, तिच्याच तोंडून यावी. तुमच्या गटाची वही सुरू झाली की आम्हाला कळवा. आणि कोणी परवानगी दिली तर तिची गोष्ट तिच्याच आवाजात आपल्या रेडिओवर ऐकू.